महात्मा फुले योजनेत गुडघ्याचं आणि मुतखड्याचं अशी वेगवेगळी ऑपरेशनं होतात का?

दादा, तुम्ही जिंतूर तालुक्यातले, राशनकार्ड केशरी, वडिलांचा गुडघा बदलायचाय आणि आईला मुतखडा आहे. दोन्ही ऑपरेशनं सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसतात का, असं विचारलंय. दोन्ही प्रकारचे उपचार योजनेत आहेत. पण यादीत नाव असलं म्हणजे कुठल्याही दवाखान्यात ते मोफत होईल असं नाही, आणि आपल्याकडची माणसं नेमकी तिथंच अडकतात.

दवाखाना योजनेला जोडताना विभागवार जोडतात. बाहेर योजनेचा मोठा बोर्ड असतो, आत फक्त किडनी-मूत्रविकाराचा विभाग योजनेत असतो. आईचा खडा तिथं निघेल, वडिलांच्या गुडघ्याचे मात्र पैसे लागतील. म्हणून "योजना आहे का?" एवढंच विचारू नका. "गुडघा बदलायचं ऑपरेशन इथं योजनेत होतं का?" असं ऑपरेशनचं नाव घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला विचारा, तेही भरती व्हायच्या आधी. काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवलेत. तुमचं ऑपरेशन त्यात निघालं तर नांदेडला विष्णुपुरीचा सरकारी दवाखाना किंवा संभाजीनगरला घाटीचा सरकारी दवाखाना गाठायचा.

2023 च्या शासन निर्णयानुसार एका कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि यादीत 1356 उपचार होते. बायपास, कॅन्सरची ऑपरेशनं, मेंदूची, भाजलेल्या रुग्णांची, अपघाताची, बरंच काही त्यात येतं. पण हे 5 लाख घरातल्या सगळ्यांत मिळून असतात. एकाच वर्षात आई-वडील दोघांचं करायचं तर किती शिल्लक आहे तेही विचारून घ्या. नुसती ओपीडीतली तपासणी, गोळ्या, किंवा दिसणं सुधारण्यासाठीची ऑपरेशनं यात धरत नाहीत. पांढरं कार्ड असलेल्यांनाही आता योजना आहे. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तर सातबारा दाखवून ती आधीपासूनच मिळायची.

कागदांत सगळ्यात जास्त नाव नडतं. राशनकार्डावर 'दत्ता' आणि आधारवर 'दत्तात्रय' असलं की मंजुरी लटकते. आजच दोन्ही कार्डं शेजारी ठेवून वाचा.

माझ्या चुलत्यांची अँजिओप्लास्टी एका खाजगी दवाखान्यात योजनेतून झाली. मंजुरी आल्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "योजनेतला स्टेंट (हृदयाच्या नळीत बसवायची जाळी) साधा असतो, चांगला पाहिजे तर वरचे पैसे भरा." काकू गळ्यातलं मोडायला निघाल्या होत्या. मी आरोग्यमित्राला तिथंच बोलावलं आणि म्हटलं, हे पैसे कशाचे ते लेटरहेडवर लिहून द्या. कुणी लिहून दिलं नाही आणि पैशाचा विषयही पुन्हा निघाला नाही. दादा, स्टेंट असो की गुडघ्याचा सांधा, तो मंजूर पॅकेजमध्येच धरलेला असतो. तपासण्या, औषधं, दवाखान्यातलं जेवण, सुट्टीनंतरचे 10 दिवसही त्यातच येतात. डिपॉझिट मागितलं तर भरू नका. ही योजना कॅशलेस आहे, आधी भरलेले पैसे मागून मिळवायला फार चकरा होतात.

मंजुरी नाकारली म्हणून लगेच घरी येऊ नका. बऱ्याचदा एखादा एक्स-रे किंवा रिपोर्ट राहिलेला असतो आणि वरून 'क्वेरी' म्हणजे शंका आलेली असते. क्वेरी काय आहे ते विचारा, तो कागद द्या, केस पुन्हा पाठवायला लावा. अपघात किंवा हार्ट अटॅक असेल तर कागदांसाठी थांबायचंच नाही. आरोग्यमित्राला तातडीची मंजुरी घेता येते, कागद मागून देता येतात.

वडिलांचा गुडघा काही आठ दिवसांनी बिघडणार नाही, त्यामुळे घाईनं पहिल्याच दवाखान्यात भरती करू नका. 155388 ला फोन लावा, परभणी आणि नांदेडमधल्या कोणत्या दवाखान्यात हाडांचा विभाग योजनेत आहे ते विचारा आणि मगच वडिलांना घेऊन निघा. आईच्या खड्याचं मात्र लांबवू नका. ताप येत असेल किंवा लघवी अडत असेल तर त्याच दिवशी लगेच दाखवा.