रोझरीच्या कोणत्या मण्यावर काय म्हणायचे, मोजणी का चुकते आणि मिस्सा असताना रोझरी हवीच का?

रोझरी म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती लोकांची जपमाळ आणि तिच्यावरची प्रार्थना. तुमची मोजणी बहुधा पदकापाशी चुकते, म्हणजे माळेचे वर्तुळ आणि क्रूसाची लोंबती साखळी जिथे जुळतात तिथे. बहुतेकांची तिथेच चुकते.

माळेत ५९ मणी असतात, ५३ लहान आणि ६ मोठे. क्रूस हातात धरून क्रूसाची खूण करा आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणा. पहिल्या मोठ्या मण्यावर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. पुढच्या तीन लहान मण्यांवर विश्वास, आशा आणि प्रीती यांसाठी एकेक ‘नमो मारिया’ (येशूची आई मारिया हिला करायची प्रार्थना), मग ‘पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव’. त्यानंतरच्या मोठ्या मण्यावर पहिले रहस्य, म्हणजे येशू व मारिया यांच्या जीवनातला चिंतनाचा प्रसंग, सांगून पुन्हा ‘स्वर्गातील पित्या’. आता पदक ओलांडून सरळ दहा लहान मण्यांवर जा. पदकावर इथे थांबायचे नाही, ते शेवटी लागते.

‘गौरव’साठी वेगळा मणी नसतो, आणि दुसरा घोळ इथे होतो. दहावा मणी सुटला की मोकळ्या साखळीवर ‘गौरव’ म्हणा, मगच पुढचा मोठा मणी धरा. फातिमाची (पोर्तुगालमधील गावाच्या नावाची) छोटी प्रार्थना त्याच जागी म्हणतात, पण ती ऐच्छिक आहे. पाचव्या दशकानंतर (दशक म्हणजे दहा लहान मण्यांचा गट) मोठा मणी येत नाही, तुम्ही पदकावर परतता. तिथे ‘साल्वे रेजिना’ ही मारियेची प्रार्थना म्हणून रोझरी संपवायची. सारे धरून पंधरा-वीस मिनिटे लागतात.

सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये सुचवली. त्याआधी पूर्ण रोझरी १५० नमो मारियांची होती, बायबलमधील १५० स्तोत्रांइतकी.

मणी आहेत ते डोक्याने मोजावे लागू नये म्हणून. आकडा बोटांकडे सोपवला की मन रहस्यावर राहते: काट्यांच्या मुकुटाचे दशक चालू असताना तो मुकुट डोळ्यांसमोर हवा. त्यामुळे मोजणी चुकलीच तर दशक पहिल्यापासून सुरू करू नका. नऊ झाले काय, अकरा झाले काय, बिघडत काहीच नाही. खरा बिघाड घाईत होतो. समूहात एक जण ‘येशू’पर्यंत म्हणतो आणि बाकीचे ‘पवित्र मारिया’पासून उचलतात, पहिल्याचे वाक्य संपण्याआधीच दुसरे सुरू झाले की ‘येशू’ हेच नाव गिळले जाते. नमो मारियेचे दोन्ही अर्धे ज्या शब्दावर जोडले आहेत, नेमका तोच. तिथे क्षणभर थांबलात तर रोझरी मारियेची की ख्रिस्ताची, हा वादही बराचसा मिटतो.

आता मिस्साचे. मिस्सा ही ख्रिस्तसभेची उपासना आणि साक्रामेंत (पवित्र संस्कार) आहे. रोझरी ही भक्ती. रविवारची मिस्सा बंधनकारक आहे, रोझरी नाही. पोप पॉल सहावे यांनी १९७४ च्या पत्रात रोझरीची भरभरून शिफारस केली, पण चिंतनाविना ती आत्म्याविना देह ठरते असे बजावले आणि उपासना चालू असताना रोझरी म्हणणे चूक आहे, असेही स्पष्ट लिहिले. तेव्हा मिस्साच्या आधी किंवा नंतर म्हणा. माळ जवळ नसेल तर दहा बोटे आहेतच.