माणूस मरणाला एवढा का घाबरतो आणि मेल्यावर पुढे नक्की काय होतं?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजचा जवळचा मित्र अपघातात गेला आणि तेव्हापासून रात्री लाईट बंद केली की छातीत धडधडतं, "एक दिवस मी पण नसणार" एवढंच डोक्यात फिरत राहतं, आणि मग हे दोन प्रश्न. मी डॉक्टर नाही, कीर्तनकारही नाही, पण दोन वर्षांपूर्वी आजीच्या उशाशी शेवटचे दोन दिवस बसून होतो, तर जे बघितलं त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट, भीती वाटते यात तुमचं काही चुकत नाहीये. पतंजलींच्या योगसूत्रात पाच क्लेश सांगितलेत, त्यातला शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला घट्ट धरून राहणं, आणि तिथे चक्क म्हटलंय की हा विद्वानालाही सुटत नाही. मुंगीच्या वाटेत बोट ठेवलं तरी ती जिवाच्या आकांताने पळते. आपल्याला तर वरून हेही माहीत असतं की आज ना उद्या हे होणारच, मग आपल्या जिवाला घोर लागणारच की.

पण मरणाची भीती म्हणतात ती एकच भीती नसते, हे मला आजीमुळे कळलं. ती ८४ वर्षांची होती, मरणाबद्दल अगदी सहज बोलायची, कपाटात एक कोरी साडी वेगळी काढून ठेवलेली, "जाईन तेव्हा ही नेसवा" म्हणून. ती घाबरायची अंथरुणाला खिळायला. रोज दिवा लावताना एकच मागणं, हातपाय चालतायत तोवर उचल रे बाबा, कुणाला माझं हगणं-मुतणं काढायला लावू नको.

शेवटच्या दिवशी तिला ऊर्ध्व लागला. श्वास भराभर चढायचा, मग उथळ होत होत पार थांबायचा, मी मनात आकडे मोजायचो, पंधरा, वीस, आणि एकदम परत सुरू, घशात घरघर चाललेली, मला वाटत होतं ती गुदमरतेय आणि आपण नुसते बघत बसलोय. गावातले डॉक्टर आले, त्यांनी शांतपणे सांगितलं की अशा श्वासाला चेन-स्टोक्स म्हणतात, दोन डॉक्टरांच्या नावावरून, त्यातल्या चेनने १८१८ मध्येच हे लिहून ठेवलंय. गिळायची ताकद गेली की लाळ घशात साचते, तिचा तो आवाज. ऐकणाऱ्याला जेवढा त्रास होतो तेवढा बहुतेक वेळा पेशंटला होत नसतो. कुशीवर वळवा, कापसाने ओठ ओले ठेवत रहा. वळवलं आणि आवाज खरंच कमी झाला. तिचा हात माझ्या हातात होता, तो आवळलेला नव्हता, सैल होता, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

म्हणजे हाल होऊन मरण्याची जी भीती असते तिच्यावर माणसाला बरंच काही करता येतं. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी, त्यासाठीच आहे. आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विलला मान्यता दिलीय, शेवटी मला नळ्या लावून ठेवू नका असं शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. घरात हा विषय काढला की "अभद्र बोलू नको" म्हणून गप्प करतात, पण काढायला हवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आजी गेली त्या रात्री, जिथे जीव गेला तिथे दिवा लावला, शेजारी ताटात पीठ पसरलं आणि वर दुरडी पालथी घातली. सकाळी पिठात कुणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं, म्हणजे तो जीव पुढे कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात. आत्याला पक्ष्याचं पाऊल दिसलं, आईला गाईचं खूर वाटलं. बाबा कधी देवळाची पायरी चढत नाहीत, पण ते मोबाईलचा टॉर्च लावून गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ त्या पिठाकडे बघत होते. त्या क्षणी त्यांना स्वतःच्या मरणाची काही पडलेली नव्हती, त्यांना फक्त आई कुठे गेली ते हवं होतं. पुढे काय होतं हा प्रश्न माणूस बऱ्याचदा स्वतःसाठी विचारतच नाही, गेलेल्यासाठी विचारतो, असं माझं ठाम मत झालंय.

कठोपनिषदात नचिकेता नावाचा मुलगा हाच प्रश्न थेट यमाला विचारतो. यम म्हणतो, दुसरं काहीही माग, देवांनाही याबद्दल शंका होती, शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं घे, हत्ती घे, सोनं घे. पोरगं हटत नाही. साक्षात यमाला जे सांगायला जड गेलं ते मी काय सांगणार, पण एवढं बघा की हजारो वर्षांपूर्वी कुणालातरी हाच प्रश्न इतका छळत होता, तुम्ही एकटे नाही आहात.

रात्रीची धडधड मात्र अंगावर काढू नका. "आत्ता मरतो की काय" असं वाटणं हे पॅनिक अटॅकचं अगदी नेहमीचं लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा, आणि रात्री फारच झालं तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २४ तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

आणि एक विचारतो, रागवू नका. मित्राच्या घरी जाऊन आलात का? पहिल्या तेरा दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, नंतर कुणी फिरकत नाही आणि त्याचं नावही कुणी काढत नाही. त्याच्या आईजवळ जाऊन बसा, कॉलेजमधला त्याचा एखादा किस्सा सांगा, जो त्याने घरी कधी सांगितला नसेल.