प्रश्न तुमचे : कॉन्सर्टला जाताना बॅगेत काय हवं?

लाइव्ह कॉन्सर्ट आणि संगीत महोत्सवांचे फोटो काढताना कोणतं साहित्य लागतं, याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत आणि लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

एपीएस-सी बॉडी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स आहे. बंद सभागृहातल्या एका रॉक कॉन्सर्टला स्टेजसमोरून फोटो काढायची परवानगी पहिल्यांदाच मिळाली आहे. पैसे एकाच वस्तूपुरते आहेत. फुल फ्रेम बॉडी घेऊ की लेन्स?

लेन्स घ्या. त्यातही आधी साधी, झूम नसलेली एफ १.८ ची.

किट लेन्स ५५ मिलिमीटरला नेली की तिचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, एफ ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. तेवढ्याच वेळात एफ २.८ ची लेन्स चौपट प्रकाश आत घेते आणि एफ १.८ ची जवळपास दहापट. हाच हिशोब आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या, भाषेत मांडू. तो आकडा वाढला की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, वाढतो. गायकाला १/२५० सेकंदात टिपायला किट लेन्सवर आयएसओ १२,८०० लागत असेल, तर त्याच उजेडात एफ २.८ ला ३,२०० पुरतो आणि एफ १.८ ला १,३०० च्या आसपास भागतं. फुल फ्रेम सेन्सरमुळे नॉइजमध्ये साधारण एका स्टॉपचा (म्हणजे दुप्पट प्रकाशाइतका) फायदा होतो, तो खराच आहे. पण एपीएस-सीसाठी बनवलेली तुमची लेन्स त्या बॉडीवर पूर्ण फ्रेम भरणार नाही, म्हणजे पुन्हा लेन्सचा खर्च आलाच.

एपीएस-सीवर ५० मिलिमीटरची लेन्स साधारण ७५ सारखी दिसते. स्टेजच्या कडेला उभं राहून कमरेपासून वरचा फोटो घ्यायला ही लांबी छान आहे. पूर्ण बँड एका फ्रेममध्ये येणार नाही. त्यासाठी किट लेन्स १८ वर ठेवा. तिथे ती एफ ३.५ देते, आणि रुंद फ्रेममध्ये हालचालही कमी जाणवते.

स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर राहू नका. ते तुमच्या हाताचं थरथरणं सांभाळतं, गिटार घेऊन उड्या मारणाऱ्याला थांबवत नाही.

प्रत्येक यादीत २४-७० आणि ७०-२००, दोन्ही एफ २.८, शिवाय दोन बॉडी असतात. खरंच एवढं लागतं का?

कुठे उभे राहणार आणि किती वेळ, ते आधी विचारून घ्या. मोठ्या कॉन्सर्टमध्ये सहसा 'पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही' असा नियम असतो. तीन गाणी म्हणजे बारा-पंधरा मिनिटं. त्यात लेन्स बदलायला दर वेळी अर्धा मिनिट गेला, तर नेमका त्याच अर्ध्या मिनिटात गायक तुमच्या समोर येऊन उभा राहतो. शिवाय अंधारात, धक्काबुक्कीत, हवेत धूर असताना सेन्सर उघडा पडतो तो वेगळाच. दोन बॉडींचा खरा उपयोग इथे आहे. एकीवर रुंद लेन्स, दुसरीवर लांब, आणि दोन्ही खांद्यांवर पट्टा येणारा हार्नेस. घरून निघताना दोन्ही बॉडींची घड्याळं जुळवून घ्या, नाहीतर नंतर फोटोंचा क्रम लावताना डोकं उठतं.

एकच बॉडी असेल तर छोट्या क्लबात २४-७० न्या. स्टेज उंच असेल आणि पिट (स्टेज आणि प्रेक्षकांचं कुंपण यांच्यामधली फोटोग्राफरची जागा) अरुंद, तर ७०-२०० जास्त कामाची. उंच स्टेजला अगदी चिकटून उभं राहिलं की स्टेजवर खाली ठेवलेले मॉनिटर (कलाकारांसाठीचे स्पीकर) आडवे येतात, गायकाच्या नाकपुड्या दिसतात आणि मागचा ड्रमर तर दिसतच नाही. कडेला सरकून लांब लेन्सने घेतलं की हे तिन्ही प्रश्न मिटतात.

साउंड कन्सोलपाशी, म्हणजे स्टेजपासून दूर प्रेक्षकांमध्ये, उभं राहायला सांगितलं, तर फुल फ्रेमवर २०० मिलिमीटरही तोकडं पडतं. तिथे ३०० ते ४०० हवं. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारा, लेन्सची लांबी वाढवणारा जोड) चालतो, पण तो एक स्टॉप प्रकाश खातो. मोनोपॉडला (एकपायी स्टँडला) परवानगी आहे का ते विचारा. ट्रायपॉड घरी राहू द्या, पिटमध्ये तो सगळ्यांच्या पायात येतो.

एक गोष्ट काढून ठेवायचीही आहे. लेन्सवर कायम बसवलेला यूव्ही फिल्टर. स्टेजचे दिवे थेट लेन्समध्ये येतात, फिल्टरची सपाट काच आणि लेन्सची पुढची काच यांच्यात ते परावर्तित होतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर दिव्यांचे हिरवट भुतासारखे ठिपके उमटतात. काचेला जपायचं असेल तर हूड लावा. धक्का आणि उडालेलं पेय, दोन्ही तो बऱ्यापैकी झेलतो.

डोळे ओळखणारा ऑटोफोकस असूनही निम्मे फोटो हुकतात. फोकस माइकवर बसतो. लेन्स ८५ मिलिमीटर एफ १.८, फुल फ्रेम.

यात लेन्सचा दोष नाही. तीन मीटरवरून एफ १.८ ला या लेन्सची धारदार पट्टी, म्हणजे जेवढ्या खोलीतलं सगळं स्पष्ट येतं ती, जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटरची असते, म्हणजे फोकसच्या पुढे-मागे साधारण सात-सात. माइकची जाळी डोळ्यांपेक्षा दहाएक सेंटिमीटर पुढे असते. त्यामुळे फोकस जाळीवर बसला की जाळीची तार न् तार दिसते आणि डोळे मऊ येतात.

समोरून काढू नका, पंचेचाळीस अंश कडेला जा. तिथून माइक चेहऱ्यापासून सुटा दिसतो आणि कॅमेऱ्याला डोळा सापडतो. तरीही अडखळला तर डोळे ओळखणं बंद करून एकच छोटा फोकस पॉइंट भुवईवर ठेवा आणि फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. माइक बाजूला होईल त्या क्षणी फोकस घ्यायचा आणि बोट उचलायचं. ॲपर्चर एफ २.२ किंवा २.८ केलं तर पट्टी वीस सेंटिमीटरपर्यंत जाते. बहुतेक वेळा हा सौदा परवडतो.

कॅमेऱ्याचा फोकस-मदत दिवा बंद आहे ना ते बघा. अंधारात गायकाच्या तोंडावर तो नारिंगी उजेड पडला की सुरक्षारक्षक आधी तुमच्याकडे येतो. बीपही बंद करा आणि मागच्या स्क्रीनचा उजेड सर्वांत कमी ठेवा.

काही फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात. शेजारच्या फ्रेममध्ये नसतात. कॅमेरा बिघडलाय का?

बिघडलेला नाही. एलईडी दिवा मंद करायचा म्हणजे बहुतेक वेळा तो अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. डोळ्याला सलग उजेड दिसतो. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सरच्या ओळी एकेक करून वाचतं. दिवा विझलेला असताना ज्या ओळी वाचल्या गेल्या, त्या काळ्या. पुढच्या फ्रेमला वेळ जुळली नाही म्हणून पट्टे दिसले नाहीत, इतकंच.

पहिला उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर. दुसरा, वेग १/२०० किंवा १/२५० च्या वर नेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत या मर्यादेपर्यंत शटर एका क्षणी पूर्ण उघडलेलं असतं. त्यापेक्षा वेगात फक्त एक फट सेन्सरवरून सरकते आणि पट्टे परत येऊ शकतात. काही नव्या कॅमेऱ्यांत शटर स्पीड अगदी बारीक टप्प्यांनी बदलता येतो. तुमच्या मेन्यूत तो पर्याय असेल तर स्क्रीनवर पट्टे विरळ होईपर्यंत आकडा हळूहळू फिरवा. साधा 'अँटी-फ्लिकर' पर्याय विजेच्या १०० किंवा १२० हर्ट्झच्या लुकलुकीसाठी असतो, स्टेजच्या एलईडीपुढे तो सहसा हात टेकतो. गायकामागे मोठा एलईडी पडदा असेल, तर जागा बदलून तो फ्रेमबाहेर ठेवणं सर्वांत सोपं.

इलेक्ट्रॉनिक शटरने ड्रमच्या काठ्या वाकड्या येतात त्याचंही कारण ओळीओळीने वाचणं हेच. अपवाद ज्यांचा सेन्सर फार वेगात किंवा एकदम वाचला जातो अशा बॉडींचा, जसे निकॉन झेड ९ आणि सोनी ए९ थ्री. संथ गायकाला १/१६० पुरतं. केस उडवणाऱ्या गिटारिस्टला आणि ड्रमरला १/५०० लागतं, आणि तिथे पट्ट्यांशी तडजोड करावी लागते.

लाल आणि निळ्या दिव्यांत चेहरे सपाट, रंग ओतल्यासारखे येतात. यासाठी फिल्टर मिळतो का?

नाही. एलईडीचा लाल इतका शुद्ध असतो की सेन्सरचा लाल चॅनेल भरून वाहतो आणि हिरवा-निळा जवळजवळ रिकामे राहतात. चेहऱ्याचे बारकावे त्या भरलेल्या चॅनेलमध्येच असतात, ते गेले की गेले. एकूण हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) यात फसवतो. तो मधोमध छान दिसतो आणि लाल चॅनेल कडेला आपटलेला असतो. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल-निळ्यात एक स्टॉप कमी एक्स्पोज करा. फाइल रॉच (सेन्सरची न प्रक्रिया केलेली माहिती) हवी. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका, ४,००० केल्विनच्या आसपास बांधून टाका, म्हणजे निदान सगळे फोटो एकाच पद्धतीने सुधारता येतील. उरलेले कृष्णधवल करा.

एक्स्पोजर मॅन्युअलच बरं. मागे काळोख असला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो चेहरा पांढरा करून टाकतो. स्टेजवर उजेड कमी असतो ही तक्रार अर्धीच खरी आहे. स्पॉटमध्ये तो भरपूर असतो, फक्त दोन सेकंद टिकतो. लाल-निळ्यानंतर पांढरा स्पॉट कधी येतो ते पहिल्या गाण्यात बघून ठेवा आणि दुसऱ्यात त्यासाठी थांबा.

लेझर शोमध्ये कॅमेऱ्याला धोका असतो का?

असतो. सरळ लेन्समध्ये आलेला किरण सेन्सरवर एका टिंबात एकवटतो आणि तिथले पिक्सेल, कधी पूर्ण ओळ, कायमची जाते. उपाय सेन्सर बदलण्याचाच. मिररलेसमध्ये सेन्सर सतत उघडा असतो, म्हणून जास्त जपा. डीएसएलआरमध्ये आरसा आडवा असतो, पण व्ह्यूफाइंडरला लावलेला तुमचा डोळा तरी आहेच. किरण प्रेक्षकांकडे फिरू लागले की लेन्स जमिनीकडे करा किंवा झाकण लावा. कोणताही साधा फिल्टर इथे वाचवत नाही.

कार्ड आणि बॅटऱ्या किती?

२४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस केलेली रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची. तीन गाण्यांत ५०० फ्रेम झाल्या तर १५ जीबी. दिवसभराच्या महोत्सवात आठ बँड घेतले की १२० जीबी. दोन स्लॉट असतील तर दोन्हींवर एकच फोटो लिहू द्या. कार्ड हळू असेल तर बर्स्टनंतर (लागोपाठ फोटो काढल्यावर) बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो आणि कॅमेरा काही सेकंद गप्प बसतो, म्हणून व्ही६० दर्जाचं (सेकंदाला किमान ६० एमबी लिहिणारं) घ्या.

दिवसभरासाठी प्रत्येक मिररलेस बॉडीमागे तीन बॅटऱ्या धरा. वापरलेली बॅटरी पाउचमध्ये उलटी ठेवायची सवय लावली की अंधारात भरलेली कोणती हे हाताला कळतं.

कानात बोळे घालून काम सुचेल का?

सुचेल, आणि बॅगेत लेन्सच्या आधी ते टाका. पिटमध्ये तुम्ही स्टेजपुढच्या सबवूफरला टेकूनच उभे असता. अमेरिकेच्या 'नायोश' या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं, म्हणजे तुमची तीन गाणी. फोमचे बोळे वरचे सूर जास्त कापतात, म्हणून सगळं घुमल्यासारखं वाटतं. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग आवाज बऱ्यापैकी समान कमी करतात. फोमचाच असेल तर तो बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर राहिलेला बोळा काही कामाचा नाही.

उघड्यावरच्या महोत्सवात पाऊस आणि धुळीचं काय?

बॉडीचं प्लास्टिक कव्हर, दोन मायक्रोफायबर कापडं, धूळ उडवायचा एक हवेचा फुगा (ब्लोअर) आणि झिपची पिशवी. धुळीत लेन्स बदलूच नका. कृत्रिम धुराचा काचेवर पातळ चिकट थर बसतो. फोटो फिके यायला लागले की आधी काच बघा. पावसातून गरम तंबूत जाताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, बाष्प पिशवीवर जमेल. गॅफर टेपचा छोटा रोल मात्र हवाच, फाटलेलं कव्हर आणि कॅमेऱ्याचा लुकलुकणारा दिवा दोन्ही त्याने झाकता येतात.

लेन्स बदलता येणारे कॅमेरे आत नेऊ देत नाहीत. फोनवर काय जमेल?

एक इंची सेन्सरच्या छोट्या कॅमेऱ्याला कुठे कुठे परवानगी मिळते. आयोजकांना आधीच लेखी विचारा. फोन असेल तर मुख्य कॅमेराच वापरा. अंधारात बरेच फोन ३ एक्स दाबल्यावर टेलिफोटो सोडून मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात. नाइट मोड बंद करा, तो कित्येक फ्रेम जोडतो आणि हलणारा गायक पुसट होतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक झालं की बोट खाली ओढून उजेड कमी करा. फ्लॅश बंद, कारण तो पुढच्या रांगेतल्या डोक्यांवरच पडतो. आणि फोन खिशातून काढल्यावर आधी लेन्स पुसा. तिच्यावर बोटाचा तेलकट ठसा असला की प्रत्येक दिव्यातून उजेडाची शेपटी ओघळते.