शाप कसला, हट्ट होता

सईबाई,

परवा मंडळाच्या मीटिंगमध्ये गणपती एक बसवायचा की दोन, यावरून हमरीतुमरी झाली आणि एक काका म्हणाले, "मराठी माणसाला दुहीचा शापच आहे." तू गाडीत विचारलंस, हा शाप दिला कुणी?

कुणी नाही गं. शिंदे-होळकरांचंच बघ. 1797 साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेनं पुण्यात मल्हारराव होळकरांना मारलं. (हे पानिपतावरचे मल्हारराव नव्हेत, त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले.) दौलतराव तेव्हा विशीही न गाठलेले, आणि हाताखाली महादजींनी उभारलेल्या कवायती पलटणी. त्यांना अडवणार कोण? 1800 मध्ये नाना फडणवीस गेले, मग तर मोकळं रानच. पुढच्याच वर्षी पेशवे दुसऱ्या बाजीरावांनी मल्हाररावांचा भाऊ विठोजी याला पुण्यात भर लोकांसमोर हत्तीच्या पायी दिलं. त्यांचा आणखी एक भाऊ यशवंतराव. तो काय गप्प बसणार होता?

1802 च्या दिवाळीत हडपसरला, मावशीचा फ्लॅट आहे ना त्याच बाजूला, यशवंतरावांनी पेशवे आणि शिंदे, दोघांच्या फौजा झोडपल्या. बाजीराव पळत सुटले ते इंग्रजांच्या आश्रयाला. 31 डिसेंबरला वसईच्या तहावर सही केली आणि इंग्रजी फौज कायमची दारात आणून ठेवली.

मला खरा राग येतो तो यापुढचा. 1803 मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले असईला इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर बाजूला थांबले. 1804 मध्ये होळकर उठले, तोवर शिंदे तह करून बसलेले. यशवंतरावांनी इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनला आग्र्यापर्यंत पळवलं. असईला शिंद्यांच्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज भाजून काढली होती. म्हणजे दोघांतला एकही कच्चा नव्हता, पण एकाच वर्षी लढायला कुणाची मान लवली नाही.

यशवंतराव शेवटी माळव्यात भानपुऱ्याला तोफा ओतवत राहिले. त्यात स्वतः इतके राबले की डोक्यावर परिणाम झाला म्हणतात. 1811 मध्ये ते गेले. दौलतराव ग्वाल्हेरला 1827 पर्यंत होते, इंग्रजांच्या मर्जीत राहून. आणि बाजीराव? 1818 मध्ये राज्य गेलं, तरी वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनवर कानपूरजवळ बिठूरला पुढे तीसेक वर्षं आरामात जगले.

तुझी,
आई