रूट केलेल्या (सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवलेल्या) फोनवर कोणती कस्टम रिकव्हरी टाकावी: टीडब्ल्यूआरपी की ऑरेंजफॉक्स?

कस्टम रिकव्हरी म्हणजे कंपनीच्या रिकव्हरीऐवजी टाकायची, बॅकअप घ्यायला आणि नवी सिस्टिम बसवायला वापरायची छोटी प्रणाली. आधी फोनचं कोडनेम (त्या मॉडेलचं अंतर्गत नाव) बघा, रिकव्हरीचं नाव नंतर. रेडमी नोट ७ प्रो म्हणजे 'व्हायोलेट'; त्या कोडनेमसाठी बनलेली फाइलच घ्यायची. 'तसाच तर फोन आहे' म्हणून भावाच्या फोनची फाइल टाकाल तर रिकव्हरी चालणार नाही, कदाचित फोनही सुरू होणार नाही.

मी स्वतः ऑरेंजफॉक्स वापरतो. तीही मुळात टीडब्ल्यूआरपीवरच बेतलेली आहे, फक्त फाइल मॅनेजर जास्त सुटसुटीत आहे आणि शाओमीच्या फोनांना चांगली मानवते. बाकी फोनांसाठी टीडब्ल्यूआरपी. फक्त लिनिएजओएस (अँड्रॉइडवर बेतलेली पर्यायी सिस्टिम) टाकायचं असेल तर त्यांची स्वतःची रिकव्हरी पुरते, पण तिच्यात बॅकअप नाही.

खरी मेख डिक्रिप्शनची, म्हणजे कुलूपबंद डेटा उघडण्याची आहे. नव्या अँड्रॉइडवर रिकव्हरीने पिन किंवा पॅटर्न विचारून डेटा उघडला नाही, तर इंटर्नल स्टोरेजमध्ये अगम्य नावांचे फोल्डर दिसतात. मग बॅकअप कसला घेताय! म्हणून फोनला चालत असेल तर आधी कॉम्प्युटरवरून 'फास्टबूट बूट' कमांड देऊन रिकव्हरी तात्पुरती चालवून बघा. डेटा नीट दिसला तरच कायमची बसवा. सॅमसंगवाल्यांना ही सोय नाही, त्यांचं काम ओडिन या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमने.

आणि हो, टीडब्ल्यूआरपीच्या डेटा बॅकअपमध्ये इंटर्नल स्टोरेजवरचे फोटो येत नाहीत. मी हे लग्नाचे फोटो घालवून शिकलो. ते आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवा.

फक्त रूटच हवं असेल तर रिकव्हरी लागतच नाही, मॅजिस्क या रूट करणाऱ्या अ‍ॅपने बूट इमेज (फोन सुरू होताना लागणारी फाइल) पॅच करून ती फोनमध्ये टाकली की झालं.