मुलगी ऑनलाइन कोर्स सुरू करते पण संपवत नाही. पैसे भरावेत का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकलला आली, वर्षभरात तिने सात ऑनलाइन कोर्स सुरू केले, एकही संपवला नाही, आणि आता आठव्यासाठी पैसे मागतेय. द्यावेत का, आणि त्या सर्टिफिकेटला किंमत असते का? मी तालुक्याच्या गावी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. गेली आठ वर्षं आमच्याकडचं एनपीटेलचं, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन कोर्सचं काम मी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, तिला आळशी ठरवू नका. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २०१२ साली सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्सचा खुला कोर्स चालवला तेव्हा सुमारे १,५५,००० जणांनी नाव नोंदवलं आणि सर्टिफिकेट मिळालं ७,१५७ जणांना. पुढे २०१९ मध्ये एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्सची आकडेवारी 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत आली. त्यात २०१७-१८ साली शंभरातले जेमतेम तीन शेवटपर्यंत पोचलेले होते. सर्टिफिकेटचे पैसे भरलेल्यांमध्ये मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणून पैसे भरले की अभ्यास होतो, असा अर्थ काढू नका. ज्याचं मन आधीच ठरलेलं असतं तोच बहुधा पैसे भरतो.

पोरं नेमकी कुठे सुटतात ते मी दर सत्रात बघते. पहिले दोन आठवडे उत्साहात जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कॉलेजची युनिट टेस्ट येते, जर्नल पूर्ण करायचं असतं, एक आठवडा बुडतो. मग पाच-सहा तासांचे व्हिडिओ साचतात आणि ते उघडायचीच भीती वाटायला लागते. वर्गात दोन दिवस दिसला नाही तर बाकावरचा मित्र तरी विचारतो, "काय रे, कुठे होतास?" इथे कुणीच विचारत नाही. या कोर्सचा सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो, आणि तो घरी बसून भरून काढता येतो.

चार वर्षांपूर्वी हीट ट्रान्स्फरच्या कोर्सला माझ्याकडे एक मुलगा होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गणित उत्तम, पण आयआयटीच्या सरांचं भरभर इंग्रजी डोक्यावरून जायचं. तो आणि त्याचा रूम पार्टनर लॅब सुटल्यावर एकाच कॉम्प्युटरसमोर बसायचे. वाक्य कळलं नाही की व्हिडिओ थांबवायचा, खालचा इंग्रजी मजकूर वाचायचा, आणि वहीत डाव्या पानावर सरांचं वाक्य, उजव्या पानावर स्वतःच्या शब्दांत मराठी. अर्ध्या तासाच्या व्याख्यानाला त्यांना दीड तास लागायचा. वर्गात मी शिकवताना मला कुणी असं दहा वेळा थांबवू शकत नाही, आणि हा फायदा मी मनापासून मानते. त्या मुलाला शंभरपैकी ६१ मार्क पडले, म्हणजे सर्टिफिकेटवर 'एलिट' असा वरचा शेरा. ती वही मी अजून नव्या मुलांना दाखवते.

त्याच सत्रात दुसऱ्या एकाला असाइनमेंटमध्ये २५ पैकी २४ होते आणि सेंटरवरच्या परीक्षेत ७५ पैकी १९. बुधवारी रात्री असाइनमेंट बंद व्हायच्या आधी टेलिग्रामवर उत्तरं फिरतात, ती त्याने दर आठवड्याला उतरवली होती. एनपीटेलला पास व्हायला असाइनमेंटचे किमान १० आणि परीक्षेचे किमान ३० असे दोन्हीकडे मार्क लागतात, त्यामुळे तो नापास झाला. मला वाईट वाटलं, पण समोर पर्यवेक्षक असलेली परीक्षा आहे म्हणूनच त्या सर्टिफिकेटवर मी विश्वास ठेवते. घरबसल्या चार पर्यायांतून एक निवडून मिळणाऱ्या सर्टिफिकेटवर तेवढा ठेवत नाही.

मुलाखतीचं विचाराल तर आमच्या मुलांना सर्टिफिकेट बघून कुणी नोकरी दिल्याचं मला आठवत नाही. "हा कोर्स केलायस ना, मग यातून काय बनवलंस?" असं मात्र हमखास विचारतात. आणि मेकॅनिकलला एक गोष्ट पक्की आहे: लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, हात बसायचा तर लेथपाशीच उभं राहावं लागतं, वेल्डिंगचंही तसंच. त्यासाठी कॉलेजचं वर्कशॉप सोडू नये.

आता पैशांबद्दल. तुम्ही सांगताय तो कोर्स महिन्याच्या वर्गणीचा दिसतोय. अशाच एका ठिकाणी मी कार्ड जोडलं होतं. कोर्स तिसऱ्या आठवड्यात थांबला, पैसे पाच महिने कटत राहिले. आत्ता ते भरू नका. एनपीटेल आणि 'स्वयं' या सरकारी संकेतस्थळावर व्हिडिओ, असाइनमेंट सगळं मोफत आहे, फक्त परीक्षेची फी भरायची, तीही साधारण हजाराच्या आसपास. शिवाय यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं'च्या कोर्समधून घेता येतात. मात्र तिचं कॉलेज कुठल्या विषयाला मान्यता देतं हे नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना विचारायला हवं. परीक्षा झाल्यावर धावपळ करणारे पालक मी दरवर्षी बघते.

इंग्रजीची अडचण असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल आधी दाखवा. दहाएक मिनिटांचे धडे असतात आणि बरेच मराठीतही आहेत. स्क्रीनच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर उघडून ऐकता ऐकता करून बघायचं, अशीच त्यांची रचना आहे. सायलॅब हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, यांची सुरुवात तिथून केली तर पंधरा दिवसांत काहीतरी स्वतः करून दाखवता येईल.

तर माझ्या मते सातही अर्धवट कोर्स बंद करू द्यात. येत्या सत्रात चालू सेमिस्टरच्या विषयाशी जुळणारा, आठ आठवड्यांचा एकच कोर्स घ्यावा, आणि तोच घेणारी एक मैत्रीण वर्गात शोधावी. ती मिळाली नाही तर तुम्ही बसा तिच्याजवळ. तुम्हाला मेकॅनिकल कळायची गरज नाही. दर रविवारी स्वयंपाक आटोपल्यावर एवढंच म्हणा, "या आठवड्यात काय झालं ते मला मराठीत सांग." तिला जिथे सांगता येणार नाही, तो व्हिडिओ तिने पुन्हा बघायचा. परीक्षेची फी चौथी असाइनमेंट झाल्यावर भरायची की आधीच, हे मात्र नोंदणीची शेवटची तारीख बघून ठरवा, कारण ती कोर्स चालू असतानाच येऊन जाते.