वर्षानुवर्षं बंद असलेला रंगीत टीव्ही थेट प्लगला लावू नका

भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १५ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत घरोघरी आलेले २० आणि २१ इंची संच आज माळ्यावर, अडगळीच्या खोलीत पडून आहेत. ते पुन्हा चालू करायचे म्हणून आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.

प्रश्न (सातारा) : वडिलांनी १९८६ साली घेतलेला २० इंची रंगीत टीव्ही वीसएक वर्षं माळ्यावर होता. वायरी, बटणं सगळं शाबूत दिसतं. एकदा चालू करून बघायला हरकत आहे का?

उत्तर : थेट प्लगला लावायला हरकत आहे. इतकी वर्षं पडून राहिलेल्या संचात सगळ्यात आधी दगा देतात ते इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. वापर नसला की त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर विरत जातो. त्यात २३० व्होल्ट एसीचे ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडनंतर) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. तो दाब एकदम मुख्य फिल्टर कपॅसिटरवर आला की तो तापतो, फुगतो, फ्यूज उडवतो आणि बऱ्याचदा पॉवर सप्लायचा चॉपर (वीज भराभर चालू-बंद करणारा) ट्रान्झिस्टरही सोबत नेतो. दुरुस्ती दोनशे रुपयांची असते, ती दोन हजारांवर जाते.

मागचं कव्हर उघडण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. त्या काळच्या बहुतेक संचांची चॅसिस (आतला धातूचा सांगाडा आणि बोर्डाची ग्राउंड) लाइव्ह असते, म्हणजे प्लग कसाही बसवला तरी चॅसिसवर मेन्सची वीज असू शकते. चालू संचात मोजमाप करायचं तर २५० व्हीए किंवा त्याहून मोठा, एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संचाला मेन्सपासून वेगळा ठेवणारा) हवाच. तो नसेल आणि मल्टिमीटर हातात बसलेला नसेल, तर कव्हर न उघडता जाणत्या मेकॅनिकला बोलवा. हे काम शिकण्यासाठी रंगीत टीव्ही ही चुकीची जागा आहे.

प्लग काढून धूळ झाडा. मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरेसा आहे, ओलं फडकं आत नेऊ नका. पिक्चर ट्यूबच्या मानेला धक्का लागू देऊ नका; ती काच पातळ असते आणि मान तुटली की ट्यूब संपली. मानेवर असलेल्या गोल चकत्या कारखान्यात रंगजुळणी करून लाखेने पक्क्या केलेल्या असतात, त्या फिरवू नका. आता बोर्ड उलटा करून भिंग लावून डाख बघा. ज्या जाड पायांभोवती बारीक काळी गोल रेघ दिसते तो ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला डाख. एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ट्यूबचा उच्च दाब तयार करणारा), लाइन ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, हीटसिंकवरचे ट्रान्झिस्टर आणि योकचं (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलचं) सॉकेट इथे तो हमखास सापडतो. नुसतं वरून गरम करू नका; जुनं सोल्डर ओढून घ्या आणि नवा डाख द्या.

मग कपॅसिटर. हीटसिंकच्या आणि जाड रेझिस्टरच्या शेजारचे आधी बदला, कारण उष्णतेने तेच सुकतात. पॉवर सप्लायमधले १ ते ४७ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून कोरडे असतात. ते मोजत बसण्यापेक्षा सरळ बदललेले बरे. नवे १०५ अंशांचे घ्या, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त. एकेक काढा, एकेक लावा. पाच एकदम काढले की कुठला उलटा बसला ते शोधण्यात संध्याकाळ जाते, आणि उलटा बसलेला फुटतो.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब फेजच्या वाटेत जोडा. एलईडी इथे चालत नाही. ट्यूबला वेढा घातलेल्या डिगॉसिंग (चुंबकत्व घालवणाऱ्या) कॉइलचं प्लग त्या वेळेपुरतं काढून ठेवा, नाहीतर ती सुरुवातीला इतका प्रवाह ओढते की दोष नसतानाही बल्ब लखलखतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर चांगलं लक्षण. उजळलेलाच राहिला तर लगेच बंद करा : ब्रिजचा डायोड, चॉपर ट्रान्झिस्टर किंवा मुख्य कपॅसिटर शॉर्ट आहे. सिरीज बल्ब संचाला वाचवतो, तुम्हाला शॉकपासून वाचवत नाही.

एकदा वीज दिल्यावर बंद केलेला संचही धोक्याचा. २० इंची ट्यूबच्या अॅनोडवर (रबरी टोपीखालच्या जोडावर) २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो बराच वेळ टिकून राहतो. ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या तारेच्या वेणीला वायर जोडा, तिचं दुसरं टोक चांगल्या मुठीच्या चपट्या पेचकसाला, आणि पेचकस रबरी टोपीखाली आत सरकवा. दोन मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण काचेतून थोडा चार्ज परत वर येतो. मुख्य कपॅसिटर मात्र पेचकसाने शॉर्ट करू नका. ४० वॅटचा बल्ब होल्डरसकट त्याच्या दोन पायांना लावून रिकामा करा.

प्रश्न (नाशिक) : मेकॅनिक म्हणतो ‘एलओटी गेली, आता मिळत नाही, टीव्ही भंगारात द्या.’ खात्री कशी करायची?

उत्तर : एलओटी जाते, पण तिच्यावर खापर फार लवकर फुटतं. आधी लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर मोजा. बीयू २०८ ए किंवा बीयू ५०८ ए असेल तर कलेक्टर आणि एमिटरमध्ये शून्याजवळ रीडिंग आलं की तो शॉर्ट. बेस आणि एमिटरमध्ये बोर्डावर कमी रीडिंग येणारच, कारण तिथे ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरची वायंडिंग समांतर असते. नावाच्या शेवटी ‘डी’ असेल तर डँपर डायोड आणि बेसचा रेझिस्टर आतच असतो, म्हणून सुटा काढला तरी एका बाजूने डायोडसारखं दाखवतो. तो खराब नाही. मूळ ‘डी’ असताना ‘ए’ बसवला तर डायोडच नसल्याने नवा ट्रान्झिस्टर बहुधा लगेच जातो आणि दोष एलओटीवर येतो. बाजारात नकली बीयूही भरपूर आहेत.

ट्रान्झिस्टर काढून ठेवा आणि बी प्लसच्या (लाइन विभागाला जाणाऱ्या मुख्य डीसी दाबाच्या) फिल्टर कपॅसिटरला ६० वॅटचा बल्ब जोडून पॉवर सप्लाय एकटा चालवा. सर्किट डायग्रामवर जो आकडा आहे, साधारण १०५ ते १२५ व्होल्टमधला, तिथे तो स्थिर राहिला पाहिजे. १४०–१५० वर चढत असेल तर मारेकरी पॉवर सप्लाय आहे, आणि तो आधी दुरुस्त केल्याशिवाय नवा ट्रान्झिस्टर लावू नका.

कलेक्टरजवळचा १६०० व्होल्टचा ट्यूनिंग कपॅसिटरही बघा. त्याचं मूल्य घटलं की ईएचटी (अॅनोडवरचा उच्च दाब) वर उसळते, ट्रान्झिस्टर मरतो आणि क्ष-किरणांचा धोका वाढतो. तिथे त्याच मूल्याचा, त्याच व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीनच हवा. ‘जवळचा’ चालत नाही. एवढं सगळं ठीक असूनही सिरीज बल्बवर ट्रान्झिस्टर चटके देण्याइतका तापत असेल, तर एलओटीच्या आत वायंडिंग शॉर्ट आहे असं मानायला जागा आहे.

प्रश्न (रत्नागिरी) : पावसाळ्यात चालू केला की सूं सूं आवाज येतो, उग्र वास येतो आणि चित्र मधूनच आकसतं.

उत्तर : दमट खाऱ्या हवेत धूळ ओली होते आणि ईएचटी तिच्यावरून गळते, वास ओझोनचा आहे. टीव्ही वापरणं थांबवा. वर सांगितल्याप्रमाणे ट्यूब डिस्चार्ज करून अॅनोडची रबरी टोपी काढा. तिच्याखाली काचेवर तळहाताएवढं काळपट वर्तुळ दिसेल. ती काच आणि टोपीची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, केबलही पूर्ण लांबीभर पुसा, आणि तासभर सुकू द्या. टोपीच्या काठाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. टोपी तडकलेली असेल तर टेप गुंडाळून भागत नाही, बदला. अंधारात बघून एलओटीच्या अंगावरच निळसर ठिणगी दिसली तर तिच्या आवरणाला चीर गेली आहे. वरून अॅरल्डाइट लावलेलं फार काळ टिकत नाही.

प्रश्न (लातूर) : आवाज नीट, पण पडद्याच्या मधोमध एकच पांढरी आडवी रेघ.

उत्तर : सर्वात आधी ब्राइटनेस कमी करा, नाहीतर ती रेघ फॉस्फरवर कायमची भाजली जाईल. व्हर्टिकल विभाग (चित्र वर-खाली पसरवणारा) बंद पडला आहे. योकचं सॉकेट आणि व्हर्टिकल आयसीचे पाय डाखून बघा. बरेच संच एवढ्यावर उठतात. मग आयसीचा सप्लाय मोजा, बहुतेकांत २४–२६ व्होल्ट असतो. तो नसेल तर वाटेतला फ्यूजिबल रेझिस्टर उडालेला असतो. त्या जागी साधा रेझिस्टर लावू नका, पुन्हा शॉर्ट झाला तर तो पेट घेईल. चित्र आलं पण वरच्या टोकाला पांढऱ्या रेघा दाटल्या, तर आयसीजवळचा १०० मायक्रोफॅरडचा बूस्ट कपॅसिटर बदला.

प्रश्न (पुणे) : कोपऱ्यात हिरवट-जांभळा डाग. ट्यूब गेली का?

उत्तर : नाही. आतली जाळी चुंबकित झाली आहे. शेजारचा स्पीकर हलवा. संच पूर्ण थंड असताना चालू करा. ‘धुंम्’ असा आवाज यायला हवा. येत नसेल तर डिगॉसिंगचा पीटीसी (तापला की प्रवाह रोखणारा रेझिस्टर) बदला. लागोपाठ बंद-चालू करून उपयोग नाही, पीटीसी थंड व्हायला पंधरा मिनिटं लागतात.

प्रश्न (ठाणे) : दुरुस्त झाला, पण फक्त अँटेनाचं सॉकेट आहे. सेट-टॉप बॉक्स जोडण्यासाठी मागे एव्ही जॅक बसवून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. लाइव्ह चॅसिसवर जॅक बसवला की सेट-टॉप बॉक्सच्या धातूच्या पेटीपर्यंत मेन्सची वीज पोचते. अँटेनाच्या सॉकेटमागे कंपनीने आयसोलेशनचे कपॅसिटर आणि रेझिस्टर घातलेले असतात, म्हणून वाट तीच वापरायची. बॉक्सच्या पिवळ्या पिनेपासून आरएफ मॉड्युलेटर (अँटेनासारखा सिग्नल तयार करणारी पेटी), तिथून ७५ ओहमच्या केबलने टीव्ही. मॉड्युलेटर घेण्याआधी संचावर यूएचएफ (वरच्या चॅनेलांचा पट्टा) आहे का ते पहा. नुसता व्हीएचएफ (खालच्या चॅनेलांचा पट्टा) असलेल्या संचाला ३ किंवा ४ नंबरच्या चॅनेलवर सिग्नल देणाराच मॉड्युलेटर हवा, आणि तो पॅल-बी चा (भारतात वापरलेल्या पद्धतीचा), म्हणजे आवाज ५.५ मेगाहर्ट्झवर देणारा.

चॅनेल लावल्यावर दहा मिनिटांनी सरकत असेल तर ट्यूनरच्या ३३ व्होल्टच्या रेग्युलेटरवर संशय घ्या. चित्र कृष्णधवलच आलं तर बोर्डावरच्या क्रिस्टलला हात लावण्याआधी बॉक्सच्या मेनूत जाऊन बघा : तिथे एनटीएससी (अमेरिकी पद्धत) निवडलेलं असेल, तर ते पॅल करा.